सावड, वेठ आणि सुपरनोड

गेल्या वर्षी मे महिन्यात मला एक फोन आला. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पाड्यांवर घरोघर जाऊन सर्वेक्षण करणाऱ्या एका ताईंचा. आमचं अॅप त्यांच्या मोबाइलमध्ये होतं, पण तक्रार अॅपची नव्हती. "सर, माझा मोबाइल दुपारी तीनलाच मरतो. दुकानात देऊन बॅटरी बदलली, तरी मरतो. नेटचा पॅकही संपतो. बाकीच्यांचा टिकतो. माझाच मोबाइल खराब आहे का, एवढं सांगा."

मोबाइल खराब नव्हता. त्यांच्या गटातला सगळ्यांत भरवशाचा मोबाइल तोच होता, आणि त्याचं दुखणंही तेच होतं. ते दुखणं मी लिहिलं होतं, साधारण दोनशे ओळींच्या कोडमध्ये.

अॅपचं काम साधं आहे. डोंगरातल्या पाड्यांवर रेंज नसते. म्हणून भरलेले फॉर्म आणि फोटो मोबाइलवरून मोबाइलवर द्यायचे, आणि ज्याला कुणाला रेंज मिळेल त्याच्या मोबाइलवरून ते सर्व्हरवर चढायचे. मीटिंगमध्ये आम्ही म्हणायचो, "इथे कुणी मालक नाही, सगळे समान." स्लाइडवर गोलात मांडलेले मोबाइल आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा होत्या. ते चित्र मीच काढलं होतं आणि मला ते फार आवडायचं.

पण सगळ्यांना खरोखर समान ठेवलं की अॅप रखडायचं. वायफाय डायरेक्टने मोबाइल जोडले जातात तेव्हा त्यांतला एक 'ग्रुप ओनर' होतो, म्हणजे छोटा राउटरच बनतो. कोण होणार हे ठरवायला प्रत्येक मोबाइल ० ते १५ मधला एक आकडा पुढे करतो. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या गळ्यात माळ. हा आकडा कसा काढायचा ते मी ठरवलं होतं. बॅटरी किती आहे, जागा किती आहे, मोबाइल रेंजमध्ये किती वेळा येतो, अॅप किती वेळ चालू असतं, या सगळ्याला गुण. ताई बाजाराच्या गावात राहायच्या, रोज रेंजमध्ये यायच्या, सकाळी पूर्ण चार्ज करून निघायच्या आणि अॅप कधी बंद करायच्या नाहीत. त्यामुळे जवळजवळ रोज त्याच निवडून यायच्या. आणखी अकरा जणींचे फॉर्म त्यांच्या बॅटरीवर आणि त्यांच्या पॅकवर चढत होते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

नेटवर्कच्या भाषेत अशा यंत्राला सुपरनोड म्हणतात. ताईंच्या फोननंतर मी त्या शब्दाचा पुन्हा विचार करायला लागलो. ज्याला झेपतं त्याच्यावर सगळ्यांचं ओझं टाकावं का, हा जुना प्रश्न आहे. ते त्याला न सांगता टाकावं का, हा प्रश्न आमच्या धंद्याने नव्याने उभा केलाय.

*

थोडा इतिहास सांगतो, कारण सुपरनोड ही कल्पना कुणा दुष्ट माणसाच्या डोक्यातून आलेली नाही. ती अडचणीतून आली.

१९९९ मध्ये शॉन फॅनिंग या तरुणाने नॅप्स्टर आणलं. गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवरच असायची, पण कुणाकडे काय आहे याची यादी नॅप्स्टरच्या सर्व्हरवर होती. रेकॉर्ड कंपन्यांनी कोर्टात खेचलं, २००१ मध्ये ती यादी बंद झाली आणि तिच्याबरोबर सगळंच बंद झालं. मधला खांब काढला की मांडव खाली येतो, हा धडा सगळ्यांनी घेतला.

त्याआधीच, मार्च २००० मध्ये, जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर या दोघांनी नुटेला बाहेर सोडलं होतं. त्यांच्या कंपनीचा मालक असलेल्या एओएलने ते लगेच काढायला लावलं, पण तोवर ते पसरलं होतं. नुटेलात खांबच नव्हता. तुम्हाला एखादी फाइल हवी असेल तर तुमचा कॉम्प्युटर शेजाऱ्यांना विचारणार, ते त्यांच्या शेजाऱ्यांना, असं साधारण सात घरं पुढे. सगळे सारखे. अडचण अशी की सगळ्यांचं इंटरनेट सारखं नव्हतं. कुणाकडे युनिव्हर्सिटीची जाड लाइन, कुणाकडे फोनच्या तारेवर कुरकुरणारा मोडेम. लोक वाढले तसे नुसते प्रश्नच इतके वाढले की मोडेमवाले त्यांत बुडाले, आणि त्यांच्यापाशी येऊन नेटवर्क अडायला लागलं.

त्याच वर्षी झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या एतान अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी नुटेलावर कोण किती देतं हे मोजलं. जवळजवळ ७० टक्के लोक काहीच शेअर करत नव्हते. आणि एकूण उत्तरांपैकी जवळजवळ निम्मी उत्तरं वरच्या १ टक्का यंत्रांकडून येत होती. म्हणजे ज्या नेटवर्कची ओळखच 'इथे सगळे समान' अशी होती, तिथेही मूठभर यंत्रं गाडा ओढत होती. फक्त त्यांना नाव नव्हतं.

२००१ मध्ये आलेल्या कझाने, म्हणजे त्याखालच्या फास्टट्रॅक या रचनेने, ही गोष्ट मान्य करून टाकली. ज्यांच्याकडे ताकद आहे ते सुपरनोड, बाकीचे त्यांना चिकटणार. नुटेलानेही पुढे 'अल्ट्रापीअर' म्हणत तेच केलं. कझामागच्याच निक्लास झेनस्ट्रॉम आणि यानुस फ्रीस यांनी एस्टोनियातल्या प्रोग्रॅमरांना घेऊन २००३ मध्ये स्काइप आणलं, तेही सुपरनोडवर उभं होतं. कॉलेजात आम्हाला हे 'हायब्रिड आर्किटेक्चर' म्हणून शिकवलं. फायदे चार, तोटे तीन. 'सुपरनोड झालेल्या माणसाला काय वाटतं' हा मुद्दा तोट्यांच्या यादीत नव्हता.

*

तो मुद्दा मला तेव्हाच कळायला हवा होता, कारण मी सुपरनोडच्या दोन खोल्या पलीकडे राहत होतो.

आमच्या हॉस्टेलवर डीसी प्लस प्लस चालायचं. ज्यांनी वापरलंय ते आत्ता हसले असतील. फाइली थेट एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून यायच्या, पण सगळ्यांना जोडून ठेवणारा 'हब' एका कॉम्प्युटरवर चालायचा. आमचा हब एका सीनियर दादाच्या खोलीत होता. त्याचा डेस्कटॉप दिवसरात्र चालू. उन्हाळ्यात कॅबिनेटची बाजूची पत्र्याची प्लेट काढून त्याच्यासमोर टेबलफॅन, आणि दादा स्वतः घामाने निथळत झोपलेला. सिनेमे होतेच, खोटं कशाला बोलू. पण मागच्या सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सबमिशनच्या फायली, लिनक्सच्या आयएसओ, गेटची लेक्चर्सही तिथेच होती. जास्तीत जास्त शेअरही त्याचाच.

हबवर यायचं तर कमीत कमी १० जीबी शेअर करायची अट होती. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते द्यायचं नव्हतं, कारण लॅपटॉप स्लो व्हायचा. म्हणून मी 'न्यू फोल्डर' नावाच्या फोल्डरमध्ये अर्धवट उतरलेल्या, न चालणाऱ्या फायली भरून १० जीबी पुरे केले. अपलोडचा स्लॉट एकच ठेवला. हवं ते उतरलं की हबवरून बाहेर. मी त्या ७० टक्क्यांतला होतो, वर सोंग ३० टक्क्यांतलं घेऊन. दादाने परीक्षेच्या वेळी दोन दिवस हब बंद ठेवला, तर दार वाजवून "दादा, हब का बंद?" असं विचारणाऱ्यांतही मी होतो. विनंतीच्या सुरात नाही. पाणी का गेलं असं सोसायटीच्या वॉचमनला विचारतात, त्या सुरात.

मग एक दिवस कॉलेजने नेटवर्क तपासलं. फाइली शेकडो कॉम्प्युटरांवरून इकडेतिकडे जात होत्या, पण हबचा आयपी एकच होता. दादाचं कॅबिनेट उचलून नेलं, घरच्यांना बोलावलं. त्याचे वडील एसटीने सहा तास प्रवास करून आले आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिले. आम्ही क्लासला जाता-येता त्यांना पाहत होतो. ऑफिसात जाऊन "सर, आम्हीपण होतो" असं म्हणणारा एकही जण निघाला नाही. मीही नाही. आठवड्याभरात दुसऱ्या विंगमध्ये दुसऱ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर नवा हब सुरू झाला.

*

स्काइपची एक गोष्ट मला या प्रसंगाची मोठी आवृत्ती वाटते.

२२ डिसेंबर २०१०. ऑफलाइन मेसेज पोचवणारे स्काइपचे काही सर्व्हर ओझ्याने मंदावले. त्यांची उशिरा आलेली उत्तरं स्काइपच्या विंडोजवरच्या एका आवृत्तीला नीट हाताळता येईनात आणि ती कोसळायला लागली. जगातले जवळपास निम्मे वापरणारे तीच आवृत्ती वापरत होते. कंपनीने नंतर दिलेल्या हिशोबानुसार त्यांतली सुमारे ४० टक्के यंत्रं पडली, आणि त्यांच्याबरोबर पावभर ते तीस टक्के सुपरनोडही. उरलेल्या सुपरनोडांवर नेहमीच्या सुमारे १०० पट गर्दी आदळली. सुपरनोड म्हणजे कुणाच्या तरी घरचा पीसी. त्याचा मालक बिचारा काहीतरी दुसरंच करत असणार. म्हणून ओझं हाताबाहेर गेलं की गुपचूप अंग काढून घ्यायची सोय त्यांत ठेवलेली होती. त्यांनी अंग काढलं, राहिलेल्यांवर आणखी ओझं आलं, त्यांनीही काढलं. जवळपास दिवसभर स्काइप बंद. शेवटी कंपनीने स्वतःचे सर्व्हर 'मेगा-सुपरनोड' म्हणून जोडले, तेव्हा गाडी रुळावर आली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप घेतलं, आणि २०१२ पर्यंत लोकांच्या घरचे सुपरनोड जाऊन त्यांच्या जागी कंपनीचे लिनक्स चालवणारे हजारो सर्व्हर आले. मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं.

या गोष्टीतून लोक दोन उलटे निष्कर्ष काढतात. एक गट म्हणतो, बघा, विकेंद्रित वगैरे सगळं बोलायला ठीक, शेवटी सर्व्हरच लागतात. दुसरा म्हणतो, बघा, सुपरनोड ठेवले की आज ना उद्या ते कंपनीच्या घशात जातात. म्हणून खऱ्या समानतेला पर्याय नाही. मला दोन्ही अर्धे पटतात. पण दोन्ही गट बोलतात ते नेटवर्कबद्दल. ज्या घरांतल्या पीसीवर एवढी वर्षं दुसऱ्यांची बोलणी धावली, त्या घरांबद्दल कुणीच बोलत नाही. कराराच्या लांबलचक मजकुरात 'तुमच्या कॉम्प्युटरचा वापर होऊ शकतो' असं कलम होतं. आपल्यातल्या कितीजणांनी असा मजकूर शेवटपर्यंत वाचलाय?

*

माझे आजोबा शेतकरी. त्यांच्या तोंडी तीन शब्द असायचे, ते मला या चर्चेत फार उपयोगी पडतात.

पहिला सावड. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येतो. एक बैल तुझा, एक माझा. यात हिशोब असतो आणि तो दोघांना पाठ असतो. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणलेलं बिटटोरेंट ही सरळसरळ सावड आहे. जो मला देतोय त्याला मी देणार. पण त्यातही नव्या, हातात काहीच नसलेल्या माणसासाठी एक फट ठेवलीय. अधूनमधून कुठल्यातरी अनोळखी यंत्राला, त्याने काही न देताच, थोडं दिलं जातं. नाहीतर त्याच्याकडे द्यायला कधी काही येणारच नाही.

दुसरा इर्जिक. एखाद्याचं काम अडलंय, तर गावातले लोक आपापले बैल घेऊन एका दिवसात त्याचं रान उरकून देतात. हिशोब नसतो. पण बोलावणं असतं, लोक स्वतःहून येतात, आणि संध्याकाळी जेवण असतं. कोण आलं होतं हे सगळ्या गावाला माहीत असतं.

तिसरा शब्द वेठ. तुझ्याकडे गाडी आहे ना, मग चल, जुंप. विचारणं नाही, मोबदला नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही.

माझ्या कोडने ताईंकडून काय घेतलं, हे या तिन्हींत बसवून पाहिलं. सावड नव्हती, कारण बाकीच्या अकरा जणी त्यांचे फॉर्म कधीच वाहत नव्हत्या. इर्जिक नव्हती, कारण बोलावणंही नव्हतं आणि जेवणही नव्हतं. मग उरलं ते नाव मला उच्चारायला जड जात होतं.

टीममधल्या एका मित्राने माझ्याशी यावर खूप वाद घातला, आणि त्याचे मुद्दे पोकळ नव्हते. पहिला मुद्दा, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जास्त द्यावं, यात गैर काय? टॅक्ससुद्धा असाच असतो. मला हे मान्य आहे. पण टॅक्स किती कापला हे पगाराच्या स्लिपवर दिसतं, आणि तो पैशावर बसतो. माझं गणित ताईंच्या श्रीमंतीवर बसलंच नव्हतं. बाराजणींचे मोबाइल साधारण एकाच किमतीचे होते. ताई वेगळ्या होत्या त्या सकाळी आठवणीने चार्जिंग करण्यात आणि अॅप बंद न करण्यात. मी ताकदीला गुण देतोय असं समजत होतो. प्रत्यक्षात मी नीटनेटकेपणाला दंड लावत होतो. घरात, ऑफिसात, ग्रुप प्रोजेक्टमध्ये हे आपण रोज पाहतो. जो काम नीट करतो, त्याच्याकडे काम वाढत जातं. फरक एवढाच की तिथे त्या माणसाला निदान कळत असतं.

दुसरा मुद्दा, मग सगळ्यांना खरोखर समान कर. तेही शक्य आहे. २००२ मध्ये पेतार मायमुनकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडलेल्या कॅडेम्लिया या रचनेत सगळ्या पत्त्यांची वही प्रत्येकाकडे थोडी थोडी वाटलेली असते आणि कुणी खास नसतं. गणित म्हणून ती मला आजही सुंदर वाटते. पण तिथे प्रत्येकाला थोडा वेळ तरी जागं राहावं लागतं. ज्यांच्या मोबाइलची बॅटरी आधीच दोन तासांवर आलीय, त्या दोघीतिघींना मी जागं ठेवलं असतं तर त्यांचं कामच बंद पडलं असतं. म्हणजे समान वाटप करून मी सर्वांत कमजोर मोबाइलांवर अन्याय केला असता. नुटेलातल्या मोडेमवाल्यांचं हेच झालं होतं.

जो फ्रीमन या अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्तीने १९७० च्या सुमारास 'रचना नसण्याची जुलूमशाही' अशा अर्थाचं एक भाषण केलं होतं, पुढे त्याचा निबंध झाला. तिचं म्हणणं असं की आमच्यात कुणी नेता नाही म्हणणाऱ्या गटातही काही जणांच्या हातात सूत्रं असतातच. रचना नाकारली की ती नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते आणि मग तिला जाब विचारता येत नाही. ती सत्तेबद्दल बोलत होती. मला वाटतं ओझ्याचंही तेच आहे. 'इथे सगळे समान' या माझ्या स्लाइडने ताईंवरचं ओझं कमी केलं नाही. त्या ओझ्याबद्दल बोलायला लागणारा शब्द तेवढा काढून घेतला.

*

म्हणून सुपरनोड असावेत की नसावेत, हा प्रश्न आता मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. ते असणार. मी तीन गोष्टी विचारतो. ज्याच्यावर ओझं आहे त्याला ते माहीत आहे का? त्याला काही न गमावता नाही म्हणता येतं का? आणि ज्यांचं ओझं वाहिलं जातंय, त्यांना ते माहीत आहे का?

आम्ही अॅप बदललं. दुसऱ्यांचे फॉर्म आपल्या मोबाइलवर येणार असतील तर आधी विचारणा येते. बॅटरी ४० टक्क्यांखाली गेली की माळ आपोआप दुसरीकडे जाते. एकच मोबाइल लागोपाठ दोन दिवस निवडून येत नाही, मालकाने स्वतः म्हटलं तरच येतो. आणि दिवसाच्या शेवटी प्रत्येकीला दिसतं, आज तुमचे फॉर्म कुणाच्या मोबाइलवरून गेले. याची किंमतही मोजावी लागली. आधी संध्याकाळपर्यंत चढणारे फॉर्म आता कधीकधी दुसऱ्या दिवशी दुपारी चढतात. डॅशबोर्डवरचा हिरवा आलेख पिवळा झाला आणि मला त्याबद्दल दोन मीटिंगमध्ये ऐकून घ्यावं लागलं. 'विचारलं नसतं तर कुणाला कळलं नसतं' हे वाक्य दोन्ही मीटिंगमध्ये आलं. ते खरंच आहे.

ताईंना मी फोन करून सगळं सांगितलं. बॅटरीचे पैसे आम्ही देऊ म्हटलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे त्या वरच्या पाड्यावरच्या पोरीचे फॉर्म माझ्या मोबाइलवरून जात होते होय? तिला तर आठ-आठ दिवस रेंज नसते." मी हो म्हटलं. "मग जाऊ द्या की. मी करते. फक्त एक पॉवर बँक द्या आणि रिचार्जचं बघा. आणि सर, तिला सांगा बरं का, माझ्या मोबाइलवरून जातात म्हणून."

पॉवर बँक गेली. रिचार्जचं अजून फायलीत आहे, मी मागे लागलोय.

त्या आठवड्यात मी हॉस्टेलच्या दादालाही फोन केला, पुष्कळ वर्षांनी. इकडचं तिकडचं झाल्यावर 'न्यू फोल्डर'चं कबूल केलं. तो मोठ्याने हसला. "अरे माहीत होतं मला. हबवरून प्रत्येकाची लिस्ट उघडून बघता यायची की." मी विचारलं, मग मला काढलं का नाहीस? म्हणाला, "तुमच्यासारख्यांना काढत बसलो असतो तर हबवर पंधरा जण राहिले असते. त्यात मजा काय?"

मग मी त्या दिवसाचं, ऑफिसबाहेरच्या बाकाचं विचारलं. तो हसायचा थांबला. "ते जाऊ दे," म्हणाला. "पप्पांना त्या दिवशी कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही रे. तेवढंच."